आंबट मंडळ आणि नानांचं क्रॅबॲपल

झाडवेड्या माणसांना किस्से शोधत फिरावं लागत नाही. कुंडी आणली की किस्सा, कुंडी वाळली की किस्सा, आणि चुकून फळ धरलं तर मग काय, महिनाभर दुसरा विषय नाही! आमच्या देवासच्या मंडळाचे तर इतके साठलेत की एक काढायला जावं तर चार अंगावर येतात.

मंडळ म्हणजे काही रजिस्टर केलेलं नाही हो. दर रविवारी सकाळी नानांच्या गच्चीवर जमायचं, शेव घालून पोहे खायचे आणि जगभरातल्या चित्रविचित्र लिंबांवरून भांडायचं. चीनचं, जपानचं, ऑस्ट्रेलियाचं, जे मिळेल ते कुंडीत. ‘आंबट मंडळ’ हे नाव माझ्या वन्सनी ठेवलं. वन्स म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण, पण मंडळात सगळेच त्यांना वन्स म्हणतात. नाना पाणीपुरवठ्यातून रिटायर झालेले. कैलाशभिया (इकडे भैयाला भियाच म्हणतात) धारचे नर्सरीवाले. मराठी सगळं समजतं, बोलणं मात्र हिंदीत. आणि मी, तीस वर्षं बायोलॉजी शिकवलेली बाई.

पूर्वी आम्ही अकरा जण होतो. कोणी पुण्याला मुलाकडे गेलं, कोणी अमेरिकेला मुलीकडे. फोन केला की सगळ्यांचं एकच, "अगं, इथे बाल्कनीत ऊनच येत नाही!" आता उरलो चौघं.

नानांच्या गच्चीत सगळी लिंबं आणि मधोमध एका मोठ्या कुंडीत क्रॅबॲपल. थंड मुलखात त्याला बोराएवढी आंबट सफरचंदं लागतात. काकींनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, कुलूच्या ट्रिपहून ते कलम ओल्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन आणलं होतं. काकी गेल्या, झाड राहिलं. नऊ वर्षं पानं आली, गळली, पण फूल म्हणून एक नाही. तिकडे बेंगळुरूहून मुलाचा, संजयचा, सारखा फोन, "बाबा, एकटे राहू नका, इकडे या." नानांना आयुष्यात दोनच गोष्टी हव्या होत्या. काकींच्या झाडाचं फूल बघायचं होतं आणि देवास सोडायचं नव्हतं.

* * *

कैलाशभियांचं दुकान चालतं कसं हे मला अजून कळलेलं नाही. गिऱ्हाइकाला खरं सांगायची त्यांना खोडच आहे. एकदा मी धारला त्यांच्या नर्सरीत बसले होते. गंधवानीचा एक माणूस आला. कुमक्वॅटच्या रोपाला पिटुकली नारिंगी फळं लगडलेली बघून खूश झाला.

"भिया, मीठा है?"

"छिलका मीठा है, अंदर का खट्टा."

"तो छीलके खाना?"

"छीलोगे तो खट्टा ही बचेगा. छिलका खाओ."

त्या माणसानं एक फळ उलटंसुलटं करून बघितलं. मग म्हणाला, "उल्टा फल है क्या?"

भिया गंभीरपणे म्हणाले, "फल सीधा है भिया, खाने वाले उल्टे आते हैं!" गेला ना तो, एक मोगरा घेऊन.

* * *

आता माझी फजिती. दुसऱ्यांची सांगायची तर स्वतःचीही सांगायला हवी.

मी ऑनलाइन युझूचं, म्हणजे जपानी लिंबाचं, कलम मागवलं. आलं ते आठवडाभर कुरिअरच्या खोक्यात उकडून. पण मी जीव लावला. वरून सुकलं, खालून फुटलं. तीन वर्षं शेणखत, कडुनिंबाची पेंड, सगळं केलं. चौथ्या वर्षी अठरा लिंबं! मी त्यांचं लोणचं घातलं आणि मंडळाला घरी बोलावून चमचा-चमचा वाढलं. नाना डोळे मिटून म्हणाले, "वा! काय परदेशी वास आहे!" वन्स म्हणाल्या, "जपानी लोक निरोगी का असतात ते आज कळलं."

कैलाशभियांनी लोणचं खाल्लं, उठले, झाडाचं पान तोडून चुरगळलं, हुंगलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"मैडम, ऊपर वाला तो कब का गुजर गया. ये नीचे वाला है. जंबेरी! मेरे यहाँ बाड़ पे लगती है."

कलम मेलं होतं आणि ज्या गावठी खुंटावर ते बांधलं होतं, त्याची मी तीन वर्षं सेवा करत होते! तीस वर्षं मुलांना कलमाच्या आकृत्या काढायला लावल्या, चुकल्या तर पट्टी मारली. नाना अजून मला विचारतात, "बाई, जपानचं काय म्हणतंय?"

* * *

वन्सकडे चीनचं ‘बुद्धाचा हात’ आहे. जातीनं आपलं महाळुंगच, पण फळाला बोटं फुटतात, पिवळीधमक, सात-आठ. पहिलं फळ आलं तेव्हा वन्सनी ते देवघरात ठेवलं. महाळुंग देवीच्या हातात असतं, मग हा तर अख्खा हातच आला, असा त्यांचा हिशेब. चार दिवसांत गल्लीतल्या बायका हळदीकुंकू वाहायला लागल्या. कन्नौदहून कोणाची तरी सासू रिक्षा करून आली.

पाचव्या दिवशी घरात पाहुणे आले आणि लिंबू संपलेलं. वन्सच्या सुनेनं, ती इंदूरची, मराठी जेमतेम, काही न विचारता देवघरातला हात उचलला आणि सरबतासाठी मधोमध कापला. रस शून्य, गर शून्य, आत नुसता पांढरा कापूस!

वन्स किंचाळल्या. सूनबाई सुरी हातात धरून म्हणाली, "मम्मीजी, ये तो अंदर से कुछ है ही नहीं, आप लोग चार दिन से किसको नमस्कार कर रहे थे?"

वन्स दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दोघींनी मिळून त्याचा मुरंबा केला, आणि खरं सांगते, तसा मुरंबा मी पुन्हा खाल्ला नाही.

* * *

क्रॅबॲपलला फूल यायला कडाक्याची थंडी लागते, हे नानांना मीच सांगितलं होतं. तिथून सगळं सुरू झालं.

तीन-चार वर्षांपूर्वीची, जानेवारीतली गोष्ट. सकाळी आठ वाजता नानांच्या दारात हातगाडी थांबली आणि त्यावरून बर्फाची अख्खी लादी उतरली. आता तुम्हीच सांगा, भर थंडीत, एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी बर्फाची लादी! समोरच्यांनी बघितलं आणि हात जोडले. अर्ध्या तासात दारात पंधरा माणसं, पांढरे कुडते घालून. कोणी संजयचा नंबर शोधतंय, कोणी धारला फोन लावतंय. मी तर जिन्यातच बसले.

तेवढ्यात वरून नानांचा आवाज आला, "अरे, खाली कोण आहे? जरा गोणपाट आणा!" कुंडीभोवती बर्फ रचत होते! झाडाला कुलूला आल्यासारखं वाटावं म्हणून!

गोंधळात कैलाशभियांना उलट फोन करायचं सगळेच विसरले. ते दोन तासांनी हार घेऊन पोचले, दारातच हुंदका दिला, आणि दार उघडलं नानांनी! भियांनी तो हार तिथेच नानांच्या गळ्यात घातला आणि मिठी मारून लहान मुलासारखे रडले.

वन्सनी रीतीप्रमाणे सुतकाच्या घरी द्यायला पिठलं-भात करून आणला होता. नाना तो मिटक्या मारत जेवले. म्हणाले, "वन्स, मेल्याशिवाय तुम्ही पिठलं काही देत नाही हां!"

फूल त्या वर्षीही आलं नाही.

* * *

गेल्या दिवाळीत संजय स्वतः आला. नाना खुशीत. ऑस्ट्रेलियाच्या फिंगर लाइमला पहिल्यांदा फळं आली होती, बोटाएवढी लांबुडकी, आत मोत्यांसारखे दाणे. नानांनी ते दाणे पोह्यांवर भुरभुरवले.

संजयनं एक घास खाल्ला. "बाबा, पोह्यांत साबुदाणा कशाला? तोही कच्चा!" आणि बाजूला काढून ठेवायला लागला. मग बशी खाली ठेवून म्हणाला, "बघा, तुमचं तुम्हाला आता जमत नाही. काय राहिलंय इथे?"

नाना चिडले. "तुझ्या आईच्या झाडाला फूल यायचंय!"

"आलं की याल?"

"आलं की येईन."

"शब्द?"

"शब्द."

आम्ही तिघं मनातून खूश. नऊ वर्षांत आलं नाही ते आता काय येणार! पण संजय नानांचाच मुलगा. जाताना म्हणाला, "दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मला झाड दाखवायचं, चारही बाजूंनी." आणि नानांनी आजवर दिलेला शब्द कधी मोडलेला नाही.

* * *

यंदा थंडी अशी पडली की टोंकखुर्दच्या शेतांत पहाटे पिकांवर पांढरं दिसायला लागलं. नानांनी बर्फ आणला नाही. वन्सनी विचारलं तर म्हणाले, "गुडघे दुखतात."

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी, संजयच्या व्हिडिओ कॉलच्या आदल्या दिवशी, मी त्यांचा डबा परत द्यायला गेले. दार उघडंच होतं. वर गेले तर नाना क्रॅबॲपलपाशी, माझ्याकडे पाठ करून. डाव्या हातात पाण्याची वाटी. उजव्या हातानं फांदीवरून काहीतरी खुडत होते, एकेक वाटीत ठेवत होते, हळूच, दुखेल कोणाला म्हणून ठेवावं तसं.

चाहूल लागली तसे वळले. डोळे लाल.

"कीड पडली हो, बाई," ते म्हणाले. "काढून टाकतोय."

वाटीतल्या पाण्यावर गुलाबी कळ्या तरंगत होत्या. सात-आठ तरी असतील.

मी डबा कठड्यावर ठेवला. चष्मा लावला. झाडाभोवती सावकाश एक फेरी मारली.

"नाना," मी म्हटलं, "मागच्या बाजूला, खालच्या फांदीवर अजून दोन आहेत."