घरपट्टीच्या पावत्या आणि मागची खोली

दिनांक १० फेब्रुवारी १९९२, सोमवार. खोलीवर झालेला खर्च अठरा हजार चारशे रुपये. हजर: मी, पत्नी, माझी थोरली बहीण आणि नगर परिषदेचा शिपाई.

भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या मागे आमचं बैठं घर होतं. त्याच्या मागच्या अंगाला मी एक खोली वाढवली होती. मेहुणे गेल्यावर ताई रत्नागिरीहून आली ती याच खोलीत राहिली आणि शिलाई मशीन चालवून स्वतःचं भागवू लागली. तिला दुसरं घर नव्हतं. शिपायाने दिलेल्या नोटिशीत लिहिलं होतं की खोली विनापरवाना आहे. सात दिवसांत स्वतः पाडा, नाहीतर नगर परिषद पाडेल.

मी तरीही निर्धास्त होतो. खोलीची घरपट्टी दर वर्षी भरलेली होती. आमच्या भागात ग्रामपंचायतीच्या काळापासून एकच समज होता: घरपट्टी लागली की बांधकाम पक्कं. लोक स्वतःहून जाऊन घरपट्टी लावून घेत. मीही तेच केलं होतं.

कर विभागातल्या कारकुनाने पावत्या पाहून परत दिल्या. "आम्ही कर घेतो. परवानगी बांधकाम विभाग देतो. ती आहे का?"

नव्हती. मग नगरसेवकांकडे गेलो. ते म्हणाले, "मी सभेत बोलेन, ठराव मांडेन. पण नोटीस मुख्याधिकाऱ्यांची आहे, ते सरकारने नेमलेले. ती मला थांबवता येत नाही." यात बुधवार संपला.

गुरुवारी एसटीने ठाण्याला जाऊन वकील गाठले. त्यांनी दिवाणी न्यायालयात मनाईहुकूम मागायचं ठरवलं. "पावत्यांवर भिस्त ठेवू नका," एवढं बजावलं. शुक्रवारी न्यायाधीशांनीही आधी परवानगीच विचारली. वकिलांनी ती नसल्याचं सरळ कबूल केलं. मात्र आमचं म्हणणं न ऐकताच पाडायचा हुकूम निघाला, हे दाखवून दिलं. न्यायाधीशांनी सांगितलं, नगर परिषदेने आधी यांचं म्हणणं ऐकावं. तोवर खोली आहे तशी राहील. पण हुकुमाची शिक्का मारलेली नक्कल सोमवारी मिळणार होती आणि नोटिशीची मुदत रविवारी संपत होती.

सोमवारी पहाटे पत्नी नकलेसाठी ठाण्याला गेली. दहाच्या सुमारास नगर परिषदेचा अभियंता चार मजूर आणि घण घेऊन आला. हुकूम झाल्याचं वकिलांनी लिहून दिलेलं पत्र मी पुढे केलं.

"हे वकिलाचं पत्र आहे. कोर्टाचा हुकूम दाखवा."

"बायको घेऊन येतेय."

"सगळेच असं सांगतात, काका."

एका मजुराने आत डोकावून विचारलं, "साब, मशीन बाहर निकालूं क्या?"

ताईचा पाय मशीनवरून हलला नाही. "हात लावून तर बघ! अहो साहेब, हा ब्लाउज संध्याकाळी लग्नात जायचाय. तुमच्या घरचं गिऱ्हाईक असतं तर थांबला असतात ना?"

"आजी, मला वर जाब द्यावा लागतो."

"आजी कोणाला म्हणतोस रे? पन्नास पण नाही झाली मला."

मजूर हसले. अभियंता हसला नाही, पण घड्याळ बघून म्हणाला, "बारापर्यंत थांबतो. नंतर मला काही सांगू नका." तो ओट्यावर बसला. मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. आत मशीन चालू होती. मधेच दोरा तुटून ती थांबली, की मी वळून घराकडे बघायचो.

बाराला थोडा अवकाश असताना पत्नी रिक्षातून उतरली. नक्कल पदराखाली धरली होती. अभियंत्याने ती दोनदा वाचली, पोच म्हणून सही केली आणि मजुरांना घण उचलायला सांगितलं.

पुढे मुख्याधिकाऱ्यांनी सुनावणी घेतली. मोजणीत खोलीचा तीन फूट भाग गटारावर आलेला निघाला. तेवढा आम्हीच पाडायचा, बाकीची खोली दंड भरून नियमित करायची, असं ठरलं. ताईने जागेवर पावलं टाकून पाहिली आणि म्हणाली, "मशीन बसतेय. पलंग आडवा लावू."

शेवटी दिलं ते असं: वकिलांना बाराशे रुपये, नगर परिषदेला दंडाचे दोन हजार एकशे पन्नास, आणि आमचीच भिंत पाडून तीन फूट आत नवी बांधणाऱ्या गवंड्याला नऊशे. गवंड्याचे पैसे ताईने दिले. मला देऊ दिले नाहीत.