थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा

तिवस्याची दीक्षा अमरावतीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मराठी मजकूर लिहायची. यंत्र अडलं की पडद्यावर जी सूचना येते, ती तिच्या हातची. आधी तिथे नुसतं 'अवैध नोंद' यायचं आणि माणसं काही गुन्हा केल्यासारखी मागे फिरायची. दीक्षाने ते बदललं. समोरच्याला दोष द्यायचा नाही, काय बिघडलं ते साधं सांगायचं आणि पुढे काय करायचं तेही सांगायचं, असा तिचा आग्रह.

दवाखान्यांत अंगठ्याचा ठसा घेऊन डोळे तपासणीची पाळी लावणारं यंत्र बसवायचं काम आलं, तेव्हा 'पुढे काय करायचं' इथेच ती अडली.

"सर, अंगठा जुळला नाही तर माणसाले कोणत्या खिडकीवर पाठवायचं?"

"खिडकी ठेवलीच नाही दवाखान्यांनी," तिचे वरिष्ठ विपुलसर म्हणाले. "थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा, असं टाक. कुठंही चालते ते."

तिने टाकलं. आधी 'यात तुमची चूक नाही' हेही जोडलं. यंत्र ते गोड आवाजात बोलूनही दाखवायचं.

उन्हाळ्यात ती घरी गेली, तर वडील, किसनराव, समोरचा कप सोडून बाजूलाच चाचपत होते. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. सिमेंटने बोटं गुळगुळीत झालेली.

"बाबा, डोळे दाखवले नाही काय?"

"दाखवतो ना. दिवाळीपासून जाऊन राहिलो. मशीन म्हनते थोड्या वेळानं या. तुमची चूक नाही म्हनते. लय चांगलं बोलते."

"मले सांगतलं काहून नाही?"

"तुले कायले तरास? ते या म्हनते, म्हंजे होईनच."

दीक्षाने त्यांना दुसऱ्याच दिवशी अमरावतीला डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू होता; एक डोळा गेला होता, दुसराही जात आला होता. गेलेली नजर परत येत नाही, सहा महिने आधी आणलं असतं तर थोपवता आली असती, असं डॉक्टर म्हणाले.

परतीच्या एसटीत तिने सांगून टाकलं, ते वाक्य मीच लिहिलं होतं. किसनरावांनी चाचपून समोरची दांडी धरली. मग म्हणाले, "अक्षर शिकवलं तुले, तं लिवशीनच."

रागावले की समजूत घातली, तिला कळलं नाही.

ऑफिसात तिने वाक्य काढायला सांगितलं. विपुलसरांनी नकारार्थी मान हलवली. त्या वाक्यापासून दवाखान्यांच्या तक्रारी कमी झाल्या होत्या आणि आता तेच यंत्र अकोल्यातही बसणार होतं.

पावसाळा सरता सरता किसनरावांचा दुसरा डोळाही गेला.