सासऱ्यांचा समुद्र

पाण्यावर जन्मात कधी विश्वास न ठेवलेला एकच माणूस मी पाहिला, आणि नेमकं त्याच्याच मुलीशी माझं लग्न झालं. माझे सासरे भिंगारच्या छावणीत पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रावर चौतीस वर्षं नोकरीला होते. तुरटी किती, क्लोरीन किती, गाळ किती, यातच त्यांची हयात गेली, आणि निवृत्त झाल्यावरही ती नोकरी त्यांच्या अंगातून काही उतरली नाही. हॉटेलात वेटरने पाण्याचा पेला ठेवला की ते तो आधी उजेडाकडे धरतात, मग नाकाशी नेतात, आणि मग बहुतेक वेळा तसाच खाली ठेवतात. पाहुण्यांकडे गेल्यावर यजमान चहाचं विचारतात, तेव्हा हे टाकी शेवटची कधी धुतली ते विचारतात. आमच्या लग्नात अंतरपाट धरला गेला आणि मुलीचे वडीलच दिसेनात. पाच-सात माणसं शोधायला पळाली. सासरे सापडले कार्यालयाच्या गच्चीवर, नव्याकोऱ्या फेट्यासकट टाकीच्या तोंडाशी ओणवे झालेले, हातात काचेची नळी. "चारशे मानूस हे पानी पिनार हाय," ते वरूनच ओरडले, "भटजींना म्हनावं जरा सावकाश घ्या!" भटजींनी खरोखरच दोन मंगलाष्टकं जास्तीची म्हटली. माझा मुहूर्त क्लोरीनपायी टळला, पण एकाही वऱ्हाड्याचं पोट बिघडलं नाही, हे सासरे आजही छाती काढून सांगतात.

ते मूळचे पाथर्डीकडचे. त्यांच्या लहानपणी गावात टँकर आला तर पाणी, आणि त्यात काय काय पोहत असेल ते धोतराच्या फडक्यातून गाळून प्यायचं. अशा माणसाला पुढे अख्ख्या छावणीचं पाणी स्वच्छ करायला मिळालं, म्हणून असेल, पण 'शून्य' हा शब्द ते फार प्रेमाने उच्चारतात. गढूळपणा शून्य, जंतू शून्य. मी कर्जतला शाळेत मराठी शिकवतो, मुलांना शून्य मिळालं की मला वाईट वाटतं, हे मी एकदा त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "ते कागदावरचं शून्य हो, जावईबापू. पान्यातलं शून्य लई अवगड."

अशा माणसाच्या घरात समुद्र आला. छावणीच्या दवाखान्यात एक मेजर डॉक्टर होत्या, कोल्हापूरकडच्या. त्यांच्या बंगल्यात चार फुटांची काचेची टाकी होती आणि तिच्यात खाऱ्या पाण्यात वाढलेली जिवंत पोवळी. एक फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं, एक हाताच्या पंजासारखं डुलणारं, आणि मधोमध जांभळ्या फांद्यांचं एक झुडूप. सोबत तीन मासे. मॅडमची बदली पार ईशान्येकडच्या डोंगरात झाली. एवढ्या प्रवासात हे सगळं वाटेतच मरणार, म्हणून त्या सासऱ्यांकडे आल्या आणि म्हणाल्या, "काका, सबंध भिंगारात मला तुमच्या एकट्याच्या पाण्याचा भरवसा वाटतो." आता या वाक्यावर सासऱ्यांनी टाकीच काय, मगरसुद्धा सांभाळायला घेतली असती. जाताना मॅडम त्या जांभळ्या झुडपापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. "बोटाच्या पेराएवढा तुकडा होता हा. सहा वर्षांत एवढा झालाय. हिवाळ्यात रजा मिळाली की बघायला येते." आणि त्यांनी सासऱ्यांच्या हाती एक वही, विशेष मिठाची पोती आणि पाणी तपासायच्या औषधांची पेटी दिली.

टाकी दिवाणखान्यात बसली. टीव्ही स्वयंपाकघरात गेला. सासूबाईंनी हरकत घेतली नाही, कारण रिमोटही तिकडेच गेला. उन्हाळ्यात नगरचं ऊन चाळिशी ओलांडायला लागलं, तशी घरातले दोन टेबलफॅन टाकीच्या पाण्यावर वारा घालायला लागले. लाइट गेली की इन्व्हर्टर फक्त समुद्राला. आम्ही मुलांसकट वर्तमानपत्राने वारा घेत बसायचो आणि मासे सव्वीस अंशांत विहार करायचे. "तुमी काय, घाम पुसाल," सासरे समजूत घालायचे, "त्यांना पुसता येतंय का?"

खरी गोष्ट सुरू झाली ती औषधांच्या पेटीपासून. नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचं, आणि पाणी जितकं गुलाबी होईल तितकं त्यात नायट्रेट. रंग कार्डावरच्या रंगांशी ताडून आकडा काढायचा. फॉस्फेटसाठी तसंच, फक्त रंग निळा. पहिल्याच दिवशी नायट्रेट पाच निघालं. सासरे खुर्चीतून उठले. "पाच? माज्या घरातल्या पान्यात?" मॅडमच्या वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं की नायट्रेट पाच ते दहा असू द्या, फॉस्फेटही किंचित असू द्या, शून्य करू नका. मी ते वाचून दाखवलं. सासरे दयाळूपणे हसले. "मॅडम डॉक्टर हायेत, पर मानसाच्या. पान्याचं आपलं आपल्याला ठावं."

आणि त्यांनी मोहीम उघडली. माशांचं खाणं एक दिवसाआड, तेही चिमटीभर. पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र पूर्ण जोरात. फॉस्फेट शोषून घेणारी पुरचुंडी, एक सांगितली होती तिथे तीन. दर रविवारी अर्धं पाणी बदलायचं. तीन आठवड्यांनी मी नववीच्या वर्गावर अलंकार शिकवत असताना फोन आला. "जावईबापू, शून्य! दोन्ही शून्य!" त्यांचा आवाज नातू झाल्यासारखा होता. संध्याकाळी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. लोकांनी पेढे खाल्ले आणि कोण पास झालं ते विचारलं.

पुढच्या वेळी गेलो तर जांभळं झुडूप फिकट दिसलं. सासरे उलट खूश. "बगा, पोवळं बी आतून स्वच्छ निगालं!" त्यानंतरच्या खेपेला ते राखेच्या रंगाचं झालं होतं. पंजासारख्या पोवळ्याने मूठ आवळून घेतली होती, आणि वाळूवर बुडबुडे धरलेली तपकिरी बुळबुळीत साय पसरली होती. सासरे ती साय नळीने ओढून काढायचे, सकाळी परत तेवढीच. जितकं धुवावं तितकी वाढायची.  मग ते ताटावरून अर्धपोटी उठायला लागले. मॅडमना फोन लावायचे आणि घंटी वाजायच्या आत तोडायचे. शेवटी एका रविवारी सासूबाईंनी तो फोन माझ्या हातात कोंबला. "तुमीच बोला. ह्यांनी घास सोडलाय आन् त्या पोवळ्यांनी रंग. मी कुनाकुनाकडं बगू?"

मी व्हिडिओ कॉल लावला. मॅडमनी टाकी पाहिली. झुडपावर कॅमेरा आला तेव्हा त्या पडद्याजवळ वाकल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्यांनी दवाखान्यात विचारतात तसं शांतपणे विचारलं, "काका, नायट्रेट किती?"

"शून्य," सासरे म्हणाले. हा शब्द एवढ्या अपराधी आवाजात मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

"आणि फॉस्फेट?"

"ते बी."

"काका, ते उपाशी मरतंय," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं की पोवळ्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातलं पोवळ्याला देतं. नायट्रेट आणि फॉस्फेट हे त्या शेवाळाचं खत. "तुम्ही खतच तोडलंत. आणि रान भुकेलं पडलं की काटेरी तण माजतं ना, तशी ती तपकिरी साय माजलीय."

सासरे टाकीकडे वळले. "चौतीस वर्सं जे पान्यातून काडलं," ते म्हणाले, "ते आता हातानं आत घालू?"

"घालायचं, काका. मोजून, हळूहळू. वाचेल ते. मुळाशी अजून जीव दिसतोय."

पण सांगणं सोपं होतं. पुरचुंड्या त्यांनी काढल्या, यंत्राचा जोर कमी केला, इथवर ठीक. माशांना रोज दोन वेळा खाणं टाकायची वेळ आली की त्यांची चिमूट टाकीपर्यंत जायची आणि डब्यात परत यायची. मुद्दाम पाणी घाण करणं त्यांना जमेचना. अखेर ते काम सासूबाईंनी घेतलं. त्या खाणं टाकायच्या तेव्हा सासरे व्हरांड्यात रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे.

"घातलं का?"

"घातलं."

"किती?"

"हाताला आलं तेवडं."

"अगं, मोजून घालायचं असतं!"

पण सासूबाईंनी आयुष्यात कुणाला मोजून वाढलेलं नाही. त्यांच्या घरातून दोन भाकरी जास्तीच्या खाल्ल्याशिवाय पोस्टमनसुद्धा सुटत नाही. "बिचारी महिनाभर उपाशी हायेत," असं म्हणत त्यांनी असं काही वाढलं की दोन आठवड्यांत साय गेली, मासे वाटोळे झाले, नायट्रेट पंचवीसवर पोचलं आणि काचेवर हिरवे केस उगवले. सासरे आनंदले! त्यांना परत काढून टाकायला काहीतरी मिळालं होतं. तेव्हापासून कामाची वाटणी झाली. सासूबाई वाढणार, सासरे आवरणार. खोकल्याच्या औषधाबरोबर आलेला एक इवलासा चमचा दोघांनी भांडून भांडून मुक्रर केला. त्या शिगोशीग भरायच्या, ते बोटाने सपाट करायचे. आकडा आठावर आला आणि तिथेच रमला.

दसऱ्याच्या आसपास फोन आला. "जावईबापू, फांदीच्या टोकाला जांभळं आलंय. मुगाएवडं."  मग फोन सासूबाईंनी घेतला आणि त्या नुसत्या "व्हय, व्हय" म्हणत राहिल्या.

मॅडम जानेवारीत आल्या. चपला काढून सरळ टाकीपुढे फरशीवर बसल्या. झुडूप पुन्हा जांभळं झालं होतं आणि मॅडम सोडून गेल्या होत्या त्याहून दोन बोटं वाढलं होतं. "तुमचं हाय, घिऊन जावा," सासरे म्हणाले, पण ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणाले. मॅडमनी मान हलवली. "माझं घर दर तीन वर्षांनी हलतं, काका. याला एका जागी राहू द्या." सासूबाईंनी त्यांच्यापुढे पाणी ठेवलं. मॅडमनी पेला उजेडाकडे धरला, नाकाशी नेला, आणि मग हसत एका दमात संपवला. सासरे इतके हसले की त्यांना ठसका लागला.

याला आता काही वर्षं झाली. सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, पण बारीक रंग त्यांना पूर्वीसारखे कळत नाहीत. परवा गेलो तेव्हा दुपारी चारच्या सुमाराला ते नळी हलवत बसले होते. नळी त्यांनी सासूबाईंच्या हातात दिली आणि वहीवर पेन टेकवून विचारलं, "किती?"

सासूबाईंनी कार्ड हातात घेतलं, पण त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्या टाकीकडे बघत होत्या. पंजा मोकळा पसरून डुलत होता, फांद्यांची टोकं जांभळी होती.

"आठ," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी तारीख घालून आठ लिहिलं, वही मिटली आणि ते पोवळ्यांकडे बघत बसले. सासूबाई आत गेल्यावर मी गुपचूप नळी कार्डाशी धरून पाहिली. मला ते पाच वाटलं, मग दहा वाटलं, मग नीटसं कळेना. मी नळी धुऊन पेटीत ठेवून दिली.