कुशीतली बाटली

थंडीत आमच्या गावी खोबरेल तेल बाटलीत पांढरंशुभ्र थिजून बसतं. ते विरघळवायची आईची जुनी रीत आहे. सकाळी उठल्यावर ती बाटली झोपलेल्या बाबांच्या पांघरुणात, कुशीशी सरकवायची. चहा होईपर्यंत तेल पातळ व्हायचं. "ह्यांचं अंग म्हणजे शेगडी आहे नुसती," असं ती कौतुकाने म्हणायची.

मी शाळेत विज्ञान शिकवते. थिजलेल्या तेलातले रेणूही थांबलेले नसतात, जागच्या जागी थरथरत असतात, असं मुलांना सांगते. ऊब मिळाली की थरथर वाढते, एकमेकांवरची पकड सैल होते आणि तेल वाहू लागतं. आणि ऊब म्हणजे तरी काय, तर शेजारच्या रेणूंची धावपळ. ती धावपळ माणसाच्या अंगात किती दिवस पुरते, हे पुस्तकात नाही. मुलंही विचारत नाहीत.

बाबा यंदाच्या दुखण्यातून उठले ते निम्मे होऊन. परवा मी पांघरुणातून बाटली काढली, तर तेल तसंच होतं, घट्ट. त्यांच्या छातीवरची गोधडी हलतेय का, हे बघायचाही धीर होईना.

"आज कमी पडलो वाटतं," डोळे मिटूनच बाबा म्हणाले.

आता बाटली मीच ठेवते. आधी गरम पाण्यात धरून तेल पातळ करते, आणि मग गुपचूप त्यांच्या कुशीत सरकवते. चहाच्या पाण्याला वाफ सुटेपर्यंत एकच भीती असते, तिथे ते पुन्हा थिजेल की काय.