धावपट्टी सगळ्यांची, तार आमची

मी सांगते ते कोणाला खरंच वाटत नाही. पिंप्राळ्याची माझी धाकटी बहीण तर तोंडावर म्हणते, "अक्का, तू हल्ली फेकायला लागलीस."

यात फेकण्यासारखं काय आहे? धरणगावच्या अलीकडे, कपाशीच्या शेतांमध्ये एक कॉलनी झाली आहे. तिथं बंगल्याला लागून गाडीचं नाही, विमानाचं शेड असतं. दारातून विमान काढायचं, रस्त्यानं चालवत धावपट्टीवर न्यायचं आणि उडायचं. तिथलं कॅन्टीन मी चालवते. एवढं ऐकूनच लोक हसतात, मग पुढचं सांगणार कोणाला? सांगायचे राहिलेले किस्से साठत जातात, आणि साठले की मला पित्त होतं. म्हणून लिहून टाकते.

पट्टी एकच, विमानं दोन तऱ्हेची. एक इंजिनवाली. दुसरी ग्लायडर, त्यांना इंजिनच नसतं. पट्टीच्या टोकाला विंच नावाचं मशीन आहे. ते लांबलचक पोलादी तार गुंडाळतं आणि त्या तारेनं ग्लायडर पतंगासारखं वर ओढलं जातं. पुरेसं वर गेलं की तार सुटून खाली पडते. पुढे ते हवेवर तरंगतं, आणि उतरायला येतं ते एकदाच. चुकलं म्हणून परत वर जाता येत नाही.

म्हणून नियम साधे आहेत. तार वर असताना पट्टीवरून कोणी उडायचं नाही. रेडिओवर सांगितल्याशिवाय यायचं नाही. ग्लायडर उतरत असेल तर इंजिनवाल्यानं थांबायचं, कारण त्यालाच थांबता येतं.

विंचवर माझा नवरा बसतो. कोणाच्या विमानात ती तार अडकून तुटली, तर पहिला फटका त्याच्या केबिनला बसणार. हे मला रोज सकाळी त्याचा डबा भरताना आठवतं. बंगलेवाल्यांना कधी आठवत नाही.

*

ग्लायडर शिकवायला बोरसे सर आहेत. फौजेतून रिटायर, आवाज करडा, माणूस सरळ. एकदा उन्हाळ्यात ते एकटेच वर होते. उतरायला आले आणि बघतात तर काय, पट्टीभर लुगडी पसरलेली आणि लुगड्यांवर बिबड्या.

आमच्या सोसायटीचे चेअरमन जिनिंगवाले प्रकाशशेठ, त्यांच्या आई नानींनी ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे मोठे पापड, वाळत घातल्या होत्या. गच्चीवर धूळ येते म्हणे, आणि पट्टी कशी स्वच्छ! सोबत आणखी चार बायका गुडघ्यावर बसून थापतायत.

बायकांच्या अंगावर कसं उतरणार? सरांनी ग्लायडर शेजारच्या रिकाम्या शेतात नेऊन टेकवलं. ढेकळांत आपटलं, चाक वाकलं, सरांची पाठ आठवडाभर धरली.

शेठ धावत गेले. मला वाटलं, आता हात जोडतील. म्हणाले, "सर, घाई कशाला केली? वर दोन चकरा मारायच्या, तोवर आईनं उचललं असतं."

 मीच म्हटलं, "शेठ, त्याला इंजिन नाही."

"हो, पण दोनच चकरा!"

*

दुसरा किस्सा भरताचा. थंडीत वांगी आली की कॉलनीत रोज कोणाकडे तरी भरीत. निरोप द्यायला फोन आहेत ना? पण नाही. विमानातला रेडिओ चालू, शेडमधला चालू, मग बोलायचं त्यावरच. "भाऊ, पुऱ्या किती घेऊ?" "कळण्याची भाकरी सांगा, पुऱ्या कशाला?" "मिरची धरणगावचीच ना?"

रेडिओ एका वेळी एकाचंच ऐकतो. सर वरून सारखे बटण दाबतायत, मध्ये घुसायला जागाच नाही. कॅन्टीनमध्ये माझ्याकडेही एक रेडिओ ठेवलेला आहे, त्यावर मी सगळं ऐकत होते. शेवटी एकदाचा सरांचा आवाज आला, "ग्लायडर उतरतंय, पट्टी मोकळी करा."

लगेच उत्तर आलं, "या या सर, तुमचंही पान धरलंय."

आणि बोलणारा त्या वेळी पट्टीच्या मधोमध, विमानात बसून होता. सर त्याच्या बाजूच्या गवतात उतरले. जेवायला गेले नाहीत.

*

देवपूरहून एक डॉक्टर येतात. बंगला इथं, दवाखाना तिथं, सुट्टीला उडायची हौस. हात हलका आहे म्हणतात. असेल. पण रेडिओ बंद ठेवतात. "आठवडाभर पेशंटची बडबड ऐकतो अक्का, वर तरी शांतता पाहिजे."

एका सकाळी ग्लायडर तारेवर अर्ध्या उंचीला होतं. डॉक्टर आडवे आले ते थेट पट्टीवरून. माझ्या नवऱ्यानं बघितलं, लिव्हर ओढला. विंचला तार तोडायची सुरी असते, अशा वेळेसाठीच. तार तुटली, सापासारखी वळवळत मागे आली आणि केबिनच्या जाळीवर आदळली. जाळी होती म्हणून डोकं राहिलं. ग्लायडर कसंबसं समोरच उतरलं.

मी डॉक्टरांना गाठलंच. पोरगी माहेरी आल्यावर बोलतात तसं गोड बोलले, "अक्का, मी येतो तेव्हा विंच बंद ठेवत चला ना."

"तुम्ही येता ते त्यांना कळावं कसं?"

"अहो, माझा आवाज येतो की."

विंचचं इंजिन ट्रकचं आहे. त्याच्या शेजारी बसून माझ्या नवऱ्याला मी मारलेल्या हाकासुद्धा ऐकू येत नाहीत.

घरी आल्यावर मी म्हटलं, सोडा ही नोकरी. तर हात धुता धुता म्हणतो, "आते जाळी डबल करी देतस, व्हई जाई बठ्ठं."

"आणि नाही झालं तर?"

"मंग तू शेच बोंबलाले."

*

मग मीटिंग झाली. सरांनी मागितलं एवढंच: सकाळी ग्लायडर, दुपारनंतर इंजिनवाले. नाहीच जमलं तर ग्लायडरनी दक्षिणेकडून फिरावं, बाकीच्यांनी उत्तरेकडून. आणि विंच चालू असताना केबिनवरचा पिवळा दिवा फिरतो, तो दिसला की लांब राहावं.

प्रकाशशेठ खुर्चीत मागे टेकले. "आकाश काय कोणाच्या सातबाऱ्यावर आहे का सर? ज्याला जसं सोयीचं तसं उडू द्या. आपण काही परके नाही."

मी चहा देत होते. म्हटलं, "शेठ, तार तुमच्या पंख्यात आली तर ती विचारणार नाही, परके की घरचे."

"अक्का, शिक्षण किती तुमचं?"

"चौथी. पण वर मान करून बघता येतं."

लोक हसले. हसण्यावारी गेलं. मीटिंगनं काय ठरवलं असेल? विमानांचा वेग कमी व्हायला हवा! शेठच्या जिनिंगवर काम चालू होतं, तिथलाच ठेकेदार आला आणि शेडकडून पट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गतिरोधक बांधून गेला. चांगला उंच, एस.टी. स्टँडसमोर असतो तसा. वर पांढरे पट्टेसुद्धा मारले.

पहिल्याच सुट्टीला डॉक्टरांचं विमान त्यावरून उतरताना पुढे झुकलं आणि पंखा डांबराला घासला. पंखा वाकडा झाला.

डॉक्टर सरांवरच ओरडले, "आणखी मागा नियम!"

*

आता परवाचं. धुळ्याहून शेठच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. होणाऱ्या व्याह्यांना घ्यायला शेठ स्वतः विमान घेऊन गेले. धुळ्याहून इथं येईपर्यंत पाहुण्यांना तापी दाखवली, शेत दाखवलं, आपलं जिनिंग दाखवलं. त्या नादात रेडिओवर एक शब्द नाही.

इकडे तार वर. ग्लायडरमध्ये सर आणि शिकायला आलेली एक मास्तरीण. पिवळा दिवा फिरतोय. मी कॅन्टीनच्या दारात तांदूळ निवडत होते. मान वर केली तर विंचच्या मागून शेठचं विमान येतंय, खाली, सरळ, तारेच्याच दिशेनं. विंचचं तोंड पलीकडे. माझ्या नवऱ्याला मागचं काही दिसत नाही.

मी हाक मारली. ऐकू जाणार नव्हतीच. मग टेबलावरचं लाल प्लास्टिक ओढलं, त्यावरचे कप फुटले ते फुटले, आणि पट्टीवर धावले. विमानासमोर उभी राहिले, दोन्ही हातांनी ते प्लास्टिक हलवत. पळताना चप्पल गेली. विमान एवढं जवळ आलं की आतला पाहुण्यांचा फेटा मला दिसला.

शेठनं विमान एकदम वर खेचलं आणि उत्तरेला वळवलं. वारा असा आला की मी बसलेच. नवऱ्यानं विमान तेव्हा पाहिलं. लिव्हर ओढला, तार पडली. ग्लायडर वळून गवतात उतरलं. मास्तरीण उतरली ती सरांचा हात सोडीना.

माझा नवरा केबिनमधून आला, माझ्या शेजारी डांबरावर बसला आणि म्हणाला, "पानी दे." एवढंच. 

संध्याकाळी मीटिंग. शेठ म्हणाले, मी माझ्या मार्गानं येत होतो. सर म्हणाले, तो तुमचा मार्गच नव्हता. डॉक्टर म्हणाले, झालं ते झालं, पाहुणे घरात बसलेत. पाहुण्यांनाही विचारलं. ते म्हणाले, आम्हाला तार कुठे दिसली नाही, एक बाई तेवढी दिसली.

मग सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. शेठ उभे राहिले. आल्यापासून इथं मला सगळे अक्काच म्हणतात, पण त्या दिवशी शेठनं माझं पूर्ण नाव कोणाला तरी हळूच विचारून घेतलं आणि चष्मा लावून निकाल सांगितला. परवानगीशिवाय धावपट्टीवर येऊन पायलटचं लक्ष विचलित केल्यामुळे घडलेल्या प्रकाराला सर्वस्वी जबाबदार, मथुराबाई भगवान महाजन.