योहानकाकांचा दमा

आमच्या चर्चच्या मंडळीत गीताच्या दुसऱ्या ओळीनंतर सगळे थांबतात. पेटी वाजवणाऱ्या योहानकाकांना दमा होता, तिथं त्यांना श्वास घ्यायला लागायचा. मी त्यांची नक्कल करायचो, छाती भात्यासारखी फुगवून. सगळ्यात जास्त तेच हसायचे. "लेका, अजून थोडा खोक," म्हणायचे.

बुधवारी त्यांना माती दिली. आज उपासनेत पाळकसाहेबांच्या मुलीनं पेटी घेतली. ती न थांबता पुढं गेली आणि अख्खी मंडळी दुसऱ्या ओळीलाच थांबली. एवढ्या वर्षांत आम्ही गीतं शिकलो की काकांचा दमा, कोण जाणे.

पहिल्या बाकावरून काकू मागं वळल्या. "म्हणा की रे पुढं. आता त्यांना दम लागत नाही."

आम्ही म्हटलं. गीत केवढं लवकर संपलं.