मामांची झांज

चांगली चाललेली वस्तू माझ्या सासऱ्यांना बघवत नसे. पंखा फिरत असला की त्यांना वाटायचं, हा याहून गुपचूप फिरायला हवा. शिलाई मशीन, कुकरची शिट्टी, दाराची बिजागरी, सगळ्यांवर त्यांचा डोळा. बिघडलेली वस्तू कुणीही दुरुस्त करतं, धड वस्तू दुरुस्त करायला मास्तर लागतो, असं त्यांचं म्हणणं. आणि ते होतेच मास्तर. सुरतेत लूमच्या कारखान्यात बिघडलेले माग लावून देणाऱ्याला मास्तर म्हणतात. तिथल्याच डिंडोली भागातल्या आमच्या गल्लीत शाळेतल्या गुरुजींना सगळे 'सर' म्हणत, आणि 'मास्तरांचं घर' विचारलं की आमचंच दार दाखवत. मी त्यांना मामा म्हणायची; सासर मूळचं खानदेशातलं, तिकडे सासऱ्याला म्हणतात तसं.

नव्वद सालानंतर मी लग्न होऊन आले तेव्हा घरोघर कॅसेट वाजत होत्या आणि रेकॉर्ड सगळ्यांना नकोशा झाल्या होत्या. मामांच्या शेठनं नवा डेक घेतला आणि जुना रेकॉर्ड प्लेअर मामांपुढे सरकवला. "लई जाओ मास्तर, कचरो छे." मामांनी तो कचरा मांडीवर घेऊन रिक्षातून आणला. नव्या सुनेला आणताना एवढं जपलं नव्हतं. हे मी आता हसत सांगते, तेव्हा जरा लागलंच होतं.

प्लेअर वाजत होता, म्हणजे मामांच्या हिशेबी त्यात पुष्कळ काम होतं. थाळी फिरवणारा रबरी पट्टा सैल झाला होता. त्यांनी तो फेकला आणि कारखान्यातलं नायलॉनचं सूत पिळून त्याचा फास केला. त्याला मारलेली गाठ इतकी बारीक, की बोटाला लागेना. पण थाळीच्या प्रत्येक फेऱ्यात गाठ कप्पीवरून गेली की 'टक' व्हायचं. मग आठ दिवस मामा डोळ्यांत तेल घालून बसले आणि सुताची दोन टोकं बिनगाठीची एकमेकांत वळवली. थाळीवर पसरायला मऊ कापड हवं म्हणून सासूबाईंच्या मखमली ब्लाउजची पाठ गेली. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. मामांना ते कळलंच नाही.

खरी लढाई होती हादऱ्याशी. आमच्या भिंतीला भिंत लावून मागांचा एक कारखाना होता. ते माग सुरू असले की तांब्यातलं पाणीसुद्धा थरथरायचं, मग सुईची काय कथा! ती एका कडव्यातून उडायची ती थेट पुढच्या कडव्यात. मामांनी खाली रबराचे ठोकळे घातले. मग माझ्या ओट्यावरची कडप्प्याची फरशी नेली. शेवटी त्यांनी छताच्या कडीला चार दोऱ्या बांधल्या, त्यात फळी अडकवली आणि प्लेअर अधांतरी टांगला. सुई जागची हलेना. पण गल्लीत बातमी पसरली की मास्तरांच्या घरी पाळणा बांधलाय. शेजारच्या बेबीबाई नारळ घेऊनच आल्या. "काय वं माय, सांगं बी नई आम्हले!" माझ्या लग्नाला तेव्हा पुरते चार महिने झाले नव्हते. मी लाजून स्वयंपाकघरात पळाले. मामांनी मात्र नारळ घेतला, प्लेअरपुढे फोडला आणि खोबरं सगळ्यांना वाटलं.

पाळणा बांधला त्या दिवसापासून त्या यंत्राचा आवाज उत्तम होता. हे मी शपथेवर सांगते.

मामांची एक ठरलेली रेकॉर्ड होती, भावगीतांची. सुरुवातीला बासरी, मग बाईचा आवाज आणि मागे अगदी बारीक झांज. त्या झांजेवरून ते यंत्राची परीक्षा घेत. "झांज सुटी ऐकू येनी म्हणजे मशीन पास." मशीन खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, हेही ते वरचेवर म्हणत. सासूबाईंना गाण्यात रस नव्हता, माझे मिस्टर कापड रंगवायच्या, डाइंगच्या कारखान्यात पाळीवर. त्यामुळे परीक्षक मी. मामा स्क्रूड्रायव्हर हातात धरून माझ्याकडे बघत. "आते कसं शे, पोरी?" नाशिककडची मी, अहिराणी समजायची पण बोलता येत नसे. मी मान हलवायची आणि त्यांचा चेहरा खुलायचा. त्या घरात मला सून म्हणून नव्हे, जाणकार म्हणून विचारणारं ते एकच माणूस होतं. मला ते फार आवडायचं.

माझी मुलगी पाच महिन्यांची असताना एका सुटीच्या दिवशी मी तिला गोधडीवर मामांजवळ ठेवून गिरणीत दळण आणायला गेले. परतताना गल्लीच्या तोंडाशीच तिचं रडणं ऐकू आलं. धावत घरात शिरले. पोर रडून रडून लालबुंद झाली होती, घसा बसला होता. आणि तिच्यापासून दोन हातांवर मामा पाठमोरे बसून सुईच्या दांडीचा स्क्रू पिळत होते. माझी सावली पडली तेव्हा वळले. "पोरी, झांज कथी गई?"

झांज वाजत होती. खोलीभर वाजत होती. मी पोरीला उचलून छातीशी धरलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते इतके हवालदिल झाले होते, की माझ्या तोंडून निघून गेलं, "हो मामा, जरा दबलीय खरी." त्यांना हायसं वाटलं. यंत्र बिघडलं असेल तर ते दुरुस्त करता येणार होतं. त्यांनी काहीतरी सैल केलं, काहीतरी आवळलं, पुन्हा सुई ठेवली. मी म्हणाले, "आता आली." तेही लगेच म्हणाले, "हां, आते बराबर येस."

मी मिस्टरांना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. लूमवर जन्म काढलेल्यांचे कान असेच, आपल्या गल्लीत हळू कोण बोलतं, असं म्हणाले. मग दार लोटून घेतलं आणि बजावलं, "त्यांच्याजवळ बोलू नकोस. मास्तर आवाजावरून मागाचं दुखणं ओळखतो. कान गेला म्हटलं की ते काम गेलं. मग बाबा जगायचे नाहीत, आणि आपलंही भागायचं नाही." मला पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेणं सोयीचं होतं.

त्यानंतर दोन वर्षं आमचा हाच खेळ. दर पंधरा दिवसांनी झांज जायची, मामा रेकॉर्ड प्लेअर उघडायचे, मी 'दबलीय' म्हणायची, मग 'आली' म्हणायची. त्यांनी सुया बदलल्या, तारा बदलल्या, स्पीकर माठात बसवून पाहिला. यंत्र कधी नव्हे इतकं गोड वाजू लागलं होतं आणि ते माणूस त्याच्यासमोर बसून वाळत चाललं होतं. "तुन्हा कान चांगला शे, पोरी," ते म्हणायचे. "तू सांगस, मंग माले ऐकू येस." मी हसायची.

मग एके दिवशी कारखान्यात एका मागातून सूत घेऊन धावणारा लाकडी धोटा उसळला. बाजूचा कारागीर ओरडला, दुसरा ओरडला, मामा हललेच नाहीत. धोटा खांद्यावर बसला. डोक्यात बसता तर संपलंच होतं. शेठ म्हणाला, कान दाखवून या. मिस्टरांची पाळी होती, म्हणून मी बरोबर गेले.

डॉक्टरांनी कानाला यंत्र लावून तपासलं आणि मोठ्यानं विचारलं, "केटला वखतथी छे?" मामा ताठ बसले. हिंदीत म्हणाले, "दो महिने. उसके पहले सब बराबर था. बीच में मशीन में फॉल्ट था, तब बहू को भी कम सुनाई देता था. पूछो इसको."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"काका, ये दो महिने का नहीं, बरसों का है," डॉक्टर म्हणाले. "दो साल पहले भी आते और लूम से हट जाते, तो बहुत बच जाता. अब जो थोडा बचा है वो बचाओ. लूम छोड दो." त्यांनी तसं कागदावर लिहूनही दिलं. मामांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

परतताना उधन्याच्या फाटकाशी रिक्षा अडकली. मालगाडी गेली, सगळं शांत झालं. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी मान खाली घालून म्हणाले, "मामा, झांज कधीच गेली नव्हती. मी खोटं बोलले."

"काय म्हनस?" मामांनी कान पुढे केला.

रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. शेजारी थांबलेल्या रिक्षातल्या दोन बायका माझ्याकडे बघायला लागल्या. त्या सगळ्यांना ऐकू गेलं होतं, ज्यांना जायला हवं त्यांनाच गेलं नव्हतं. ते वाक्य ओरडून म्हणायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि रडू फुटलं. पुढे कधी चिठ्ठी लिहून सांगता आलं असतं, मामांना वाचता येत होतं. तीही मी लिहिली नाही.

मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नको. डॉक्टरले काय समजस? तू सोता ऐकं ना, मशीनमाच फॉल्ट व्हता. व्हता ना?"

ते उत्तराची वाट बघत होते. मी मान हलवली. हो.

सोमवारी मामा कामावर गेले.